मातीच्या ट्रॅकवरची जुनी येझदी: चाकाच्या हबची तपासणी आणि बदल

मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या जुन्या मोटारसायकलचे चाक हलते आहे असे लक्षात आले की बहुतेक गॅरेजमध्ये एकच उपाय होतो. जुने बेअरिंग ठोकून काढले जाते, नवे ठोकून बसवले जाते आणि गाडी परत दिली जाते. दोन-तीन शर्यतींनंतर चाक पुन्हा हलू लागते आणि बोल बेअरिंगला लावला जातो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मध्यभागी ॲक्सलभोवती (चाकाच्या दांड्याभोवती) फिरणाऱ्या भागातच असतो: बेअरिंग ज्या घरात बसते त्या घरात, दोन बेअरिंगांच्या मधल्या स्पेसर नळीत, किंवा स्पोक ज्या कडेला अडकतात त्या कडेत. या तीन जागा न मोजता कितीही नवी बेअरिंग घातली तरी पैसा वाया जातो, आणि वेगात चाक अडकले तर चालवणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून या लेखात मोजमापावर बराच वेळ घालवला आहे.

उदाहरणासाठी जावा-येझदी डोळ्यांसमोर ठेवली आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने या टू-स्ट्रोक गाड्या निघाल्या आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबले. म्हणजे यांतल्या सर्वांत नव्या येझदीच्या हबनेही पंचविशी ओलांडली आहे, आणि मधल्या काळात त्यावर किती जणांनी हातोडा चालवला असेल याची नोंद कोणाकडेच नसते. आरएक्स १०० किंवा राजदूत असली तरी कामाची पद्धत तीच राहते, फक्त मापे बदलतात. अमेरिकेतील लंबगोल मातीच्या ट्रॅकवरच्या जुन्या गाड्या मात्र वेगळ्या आहेत. तिथे वळणे फक्त डावीकडे असतात आणि १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत त्या शर्यतींत ब्रेकला परवानगीच नव्हती, त्यामुळे त्या गाड्यांच्या हबला ब्रेकचा ड्रम नसे. आपल्याकडे गाडी उड्या मारते, दोन्ही बाजूंना वळते, चिखलातून जाते आणि ब्रेकही जोरात लावले जातात. हे सगळे धक्के हबलाच सोसावे लागतात.

चाक काढण्यापूर्वी

गाडी मजबूत स्टँडवर अशी उभी करावी की चाक जमिनीपासून मोकळे राहील. रिम दोन्ही हातांनी घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून आडवे हलवावे, आणि मग सहा आणि बाराच्या जागी धरून पुन्हा हलवावे. इथे एक गफलत हमखास होते. मागचे चाक हलते तेव्हा खरा प्ले (ढिलेपणा) पुष्कळदा चिमट्याच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या, बुशमध्ये असतो, आणि पुढचे चाक हलते तेव्हा तो हँडलच्या बॉल-रेसमध्ये असतो. म्हणून एका मदतनिसाला चिमटा किंवा फोर्कचे पाय घट्ट धरायला सांगावे आणि मगच चाक हलवावे. तरीही चाक हलले तरच ते हबचे काम आहे असे समजावे.

यानंतर चाक हाताने फिरवावे आणि लांब पेचकसाचे टोक ॲक्सलच्या नटजवळ टेकवून मुठीला कान लावावा. चांगल्या बेअरिंगचा आवाज एकसारखा, सौम्य सळसळीचा येतो. वाळू दळल्यासारखी खरखर ऐकू आली, किंवा ठरावीक अंतराने टकटक आली, तर बेअरिंगच्या गोळ्या किंवा रेस (गोळ्या ज्यावर फिरतात ती आतली वा बाहेरची कडी) खराब झाली आहे. शेवटी लहान पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारावी. घट्ट स्पोक खणखणतो आणि सैल स्पोक बद्द वाजतो. बद्द वाजणारे स्पोक एकाच भागात शेजारी-शेजारी सापडले, तर त्या जागी खडूने खूण करून ठेवावी, कारण हबच्या कडेला तडा गेलेला असण्याची शक्यता तिथेच सर्वांत अधिक असते.

चाक काढताना

जावा-येझदीची एक सोय शर्यतीच्या दिवशी फार उपयोगी पडते. मागचे चाक काढताना चेनला हात लावावा लागत नाही, कारण स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) आपल्या वाहकासह बंद चेनकव्हरमध्येच राहते आणि ॲक्सल ओढून घेतल्यावर चाक बाजूला सरकवून बाहेर येते. याच सोयीमुळे एक बेअरिंग विसरले जाते. स्प्रॉकेटच्या वाहकाला स्वतःचे बेअरिंग असते, आणि चाकाची बेअरिंग नवी घातली तरी हे जुनेच राहिले तर मागचा प्ले जात नाही.

ॲक्सल काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि वॉशर, कॉलर, स्पेसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत. रिमच्या कडेपासून चिमट्याच्या दोन्ही पट्ट्यांपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे, म्हणजे नव्या हबवर रिम विणताना (स्पोक घालून जोडताना) ते मधोमध आणता येईल. हे माप आता घेतले नाही तर पुढे अंदाजाने काम करावे लागते.

ब्रेकची धूळ फुंकू नये आणि त्यावर हवेचा पाइपही मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर निघत नाही. ओल्या फडक्याने ड्रम व शू पुसून घ्यावेत आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

तडे शोधणे

हब रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने धुवावा. तारेच्या ब्रशने किंवा पॉलिशच्या चाकावर तो चमकवण्याचा मोह मात्र तपासणी होईपर्यंत आवरावा, कारण मऊ ॲल्युमिनियम घासले की ते सरकून बारीक तड्याचे तोंड बुजवते. तडा शोधण्यासाठी लाल रंग आणि पांढरे डेव्हलपर असलेला डाय-पेनिट्रंट स्प्रे सर्वांत उत्तम. तो मिळत नसेल तर जुनी युक्ती करावी. हब तासभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा, कोरड्या फडक्याने खडखडीत पुसावा आणि स्पोकच्या भोकांभोवती खडूची पूड पाण्यात कालवून तिचा पातळ लेप द्यावा. लेप वाळल्यावर तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्यावर केसासारखी ओलसर रेघ उमटते. ही रेघ बहुधा एका स्पोकच्या भोकातून निघून शेजारच्या भोकाकडे जाताना दिसते.

कडेला असा तडा दिसला की तो हब बाद समजावा. वेल्डिंग करून देतो असे सांगणारे भेटतील, पण तीस-चाळीस वर्षांच्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये तेल आणि हवेची छिद्रे मुरलेली असतात. वेल्ड त्या धातूत नीट धरत नाही, आणि उष्णतेने बेअरिंगचे घर व ड्रम दोन्ही वाकडे होतात. शोकेसमध्ये ठेवायच्या गाडीसाठी हे चालेल, उडी मारणाऱ्या गाडीसाठी चालणार नाही.

भोके लांबट झाली आहेत का, हे स्पोक उलटसुलट हलवून पाहावे. एखाद-दुसरे भोक किंचित लांबट असेल तर हरकत नाही, पण शेजारची दोन-तीन भोके ओढली गेली असतील तर तिथे धातू उरलेला नाही असे समजावे. ड्रममधले लोखंडी अस्तर ॲल्युमिनियमपासून सुटले आहे का, हे आवाजावरून कळते. हब बोटावर लटकवून अस्तरावर लाकडी मुठीने टिचकी मारली असता आवाज फुटका आला तर ते अस्तर सुटले आहे.

बेअरिंग काढणे

आधी ऑइल सील आणि सर्क्लिप (बेअरिंग जागी अडकवणारी स्प्रिंगची कडी) काढावे. काही हबमध्ये सर्क्लिपऐवजी आट्यांची चकती असते आणि तिचे आटे उलटे असू शकतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहून घ्यावी. मग ब्रेक शू आणि रबरी भाग बाजूला ठेवून हब हॉटप्लेटवर सावकाश १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाकावा. तो चर्र आवाज करून उडाला की ताप पुरेसा झाला. एकाच जागी गॅसची ज्योत धरू नये. शर्यतीसाठी बनवलेला एखादा जुना हब मॅग्नेशियमचा असू शकतो आणि त्याला ज्योत लावणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. शंका असल्यास आतल्या बाजूला थोडी जागा खरवडून तिथे व्हिनेगरचा थेंब टाकावा. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात.

गरम हबमध्ये स्पेसर नळी एका बाजूला किंचित ढकलली की बेअरिंगच्या आतल्या रेसची कड उघडी पडते. तिथे पितळी ड्रिफ्ट (ठोकण्याचा दांडा) लावून चारही बाजूंनी थोडे थोडे ठोकावे. एकाच बाजूने ठोकल्यास बेअरिंग तिरके होऊन घराला ओरखडा पाडते. आतल्या रेसवर मार खाऊन निघालेले बेअरिंग कितीही चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. त्यावरचा क्रमांक मात्र लिहून घ्यावा, कारण आधीच्या मेकॅनिकने काय बसवले होते ते त्यावरून कळते.

घराचे माप

आता या कामाचा गाभा. मोटारसायकलच्या चाकात ॲक्सल स्थिर असतो आणि हब फिरतो, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रेस हबबरोबर फिरते. भार मात्र सतत एकाच दिशेने, खालून वर येतो. त्यामुळे बाहेरच्या रेसचा प्रत्येक भाग दर फेऱ्याला त्या भाराखालून जातो, आणि घर जरासुद्धा सैल असेल तर ती रेस घरात हळूहळू सरकत फिरू लागते. लोखंडाने ॲल्युमिनियम घासले जाते, घर आणखी सैल होते आणि मग कोणतेच बेअरिंग टिकत नाही. काढलेल्या बेअरिंगची बाहेरची बाजू पाहावी. ती एकसारखी मळकट असेल तर बरे. ती आरशासारखी चकचकीत झाली असेल, किंवा घरात काळसर करडी भुकटी सापडली, तर रेस फिरत होती हे नक्की.

ज्यात ६३०२ क्रमांकाचे बेअरिंग बसते असा हब घेऊ. त्याचे आतले भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास ४२ मिमी आणि रुंदी १३ मिमी असते. अशा बेअरिंगसाठी थंड हबमधले घर साधारण ४१.९७ ते ४१.९९ मिमी भरले पाहिजे, म्हणजे बेअरिंगपेक्षा किंचित लहान. व्हर्निअरने हे माप विश्वासाने घेता येत नाही. भोकाचा आतला व्यास मोजणारे बोअर गेज लागते, आणि ते बहुतेक चांगल्या टर्नरकडे (लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडे) असते. घर तोंडाजवळ आणि तळाजवळ, अशा दोन खोलींवर प्रत्येकी तीन दिशांनी मोजावे. तोंडाशी मोठे आणि तळाशी बरोबर असे माप आले तर कोणीतरी बेअरिंग तिरके ठोकले आहे. सगळीकडे ४२.०० किंवा त्याहून अधिक आले तर घर गेले.

अशा वेळी घरात पंचने ठिपके मारून बेअरिंग घट्ट करण्याची रीत सर्वत्र आहे. ती करू नये. बेअरिंग तेव्हा फक्त त्या ठिपक्यांच्या टोकांवर टेकते, पहिल्या काही उड्यांतच ती टोके चेपतात, आणि घर पूर्वीपेक्षा खडबडीत होऊन बसते. बेअरिंग चिकटवण्याचे द्रावण रस्त्यावरच्या गाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटरचे अंतर भरून काढते, पण शर्यतीच्या चाकात मी त्यावर भिस्त ठेवत नाही. खरा उपाय म्हणजे घर मोठे करून त्यात ॲल्युमिनियमची बाही दाबून बसवणे आणि बसवल्यानंतर तिला आतून अखेरचे माप देणे. दोन्ही बाजूंची घरे लेथवर एकाच पकडीत बोअर झाली पाहिजेत, असे टर्नरला स्पष्ट सांगावे. हब उलटून दुसरी बाजू वेगळी धरली तर दोन घरांचे केंद्र जुळत नाही. बाहीसाठी घराभोवती पुरेशी जाड भिंत नसेल तर हब बदलावा.

स्पेसर नळी

एका पावसाळ्यात माझ्या मागच्या चाकाची बेअरिंग मी तीनदा बदलली. घर मोजले होते, ते बरोबर होते. बेअरिंगही चांगली होती. चाक हातात असताना ती मोकळी फिरत आणि गाडीवर चढवून ॲक्सलचा नट आवळला की चाक जड होई. चौथ्यांदा उघडल्यावर नळी टेबलावर उभी केली, तर ती किंचित एका बाजूला झुकली. एका टोकावर ग्राइंडरच्या तिरप्या रेघा होत्या. आधी कोणीतरी त्या टोकावरची बोथट कड साफ केली होती आणि त्या नादात नळी ०.६ मिमी आखूड झाली होती. नट आवळला की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जात, बाहेरच्या मात्र घरात जागच्या जागी राहत, आणि गोळ्या बाजूने चिरडल्या जात.

म्हणून हबमधल्या दोन खांद्यांमधले (बेअरिंग ज्यांवर टेकतात त्या कडांमधले) अंतर खोली मोजणाऱ्या डेप्थ गेजने काढावे आणि नळीची लांबी त्याच्याशी ताडावी. नळी त्या अंतराएवढी किंवा त्याहून ०.१ मिमीपर्यंत लांब असावी, आखूड कधीही नसावी. दोन्ही टोके समांतर असावीत. नवी नळी कोणताही टर्नर तासाभरात बनवून देतो आणि हा खर्च एका बेअरिंगपेक्षा फार जास्त नसतो. नळी मोजताना ॲक्सलही काचेवर लोळवून पाहावा. त्याच्याखालून उजेड कमी-जास्त होताना दिसला तर तो वाकला आहे, आणि वाकलेला ॲक्सल ठोकून सरळ करून वापरू नये.

दुसरा हब निवडताना

जुना मूळ हब, दुसऱ्या गाडीवरचा हब किंवा नव्याने ओतलेला हब, यांपैकी काहीही मिळाले तरी वरच्या सगळ्या तपासण्या त्यावरही कराव्यात. विकत घेण्यापूर्वी स्पोकच्या भोकांची संख्या, त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, दोन कडांमधले अंतर, ॲक्सलचा व्यास, ड्रमचा व्यास व खोली, आणि मागच्या हबच्या बाबतीत स्प्रॉकेटच्या वाहकात अडकणारी बाजू, ही मापे जुन्या हबशी जुळवून पाहावीत. नव्या ओतीव हबमध्ये मला वारंवार दिसलेला दोष म्हणजे ड्रम आणि बेअरिंगची घरे एककेंद्री नसणे. बेअरिंग व ॲक्सल घालून, ॲक्सल पकडून हब फिरवावा आणि ड्रमला डायल गेज लावावे. काटा ०.१ मिमीपेक्षा जास्त हलला तर असा हब परत करावा.

भोकांच्या वर्तुळाचा व्यास जुळला तर स्पोकची लांबी तीच राहते. तो दोन-तीन मिलिमीटरने जरी वेगळा असला तरी लांबी नव्याने काढावी लागते. स्पोक नेहमी नवेच घ्यावेत. दुकानात जाताना प्रत्येक बाजूचा एक आतून जाणारा आणि एक बाहेरून जाणारा, असे चार नमुने न्यावेत, कारण त्यांच्या मानेचा कोन वेगळा असतो. जाडीही पाहावी: १० गेजचा स्पोक ३.२५ मिमीचा असतो आणि ९ गेजचा ३.६६ मिमीचा. भोके मोठी न करता जाड स्पोक घालता येत नाही, आणि भोके मोठी केली की कड कमजोर होते.

नवे बेअरिंग बसवणे

मातीसाठी दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेअरिंग घ्यावे आणि त्यातला गोळ्या आणि रेसमधला मोकळेपणा सी-३ प्रतीचा, म्हणजे नेहमीपेक्षा थोडा जास्त असावा, कारण घट्ट घरात बसल्यावर बाहेरची रेस किंचित आवळली जाते. बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे आणि हब पुन्हा १०० अंशांपर्यंत तापवावा. ४२ मिमीचे ॲल्युमिनियमचे घर ७५ अंशांनी तापले की सुमारे ०.०७ मिमीने फुगते, म्हणजे घट्टपणा तेवढ्यापुरता नाहीसा होतो. घर स्वच्छ पुसून बेअरिंग सरळ धरून सोडले तर ते स्वतःच्या वजनाने आत जाते. काही क्षणांतच ते गरम होऊन अडकते, म्हणून हात थबकता कामा नये. जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस त्यावर ठेवून हातोड्याचे दोन हलके ठोके द्यावेत. बेअरिंग तळाला टेकले की बद्द आवाज जाऊन टणक आवाज येतो.

पहिले बेअरिंग खांद्यापर्यंत पूर्ण बसवावे. मग हब उलटून स्पेसर नळी आत सोडावी, ॲक्सल घालून ती मधोमध धरावी आणि दुसरे बेअरिंग नळीला जेमतेम टेकेल इतकेच आत न्यावे. ते त्यापुढे ठोकू नये. शेवटी नवे ऑइल सील त्याच्या ओठाला ग्रीस लावून बसवावे.

विणणे, आऊट काढणे, ड्रम

निपलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या लहान नटांच्या) आट्यांना तेल लावून आधी आतून जाणारे स्पोक आणि मग बाहेरून जाणारे घालावेत. सगळे निपल सारख्या आट्यांवर आणून मग पाव-पाव फेऱ्याने आवळत जावे. वर-खाली आणि आजूबाजूचा आऊट (फिरताना रिमचे हेलकावणे) आलटून-पालटून काढावा. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला तर उत्तम, मातीसाठी एक मिलिमीटर चालेल. मधूनमधून स्पोकच्या माना हबच्या कडेवर पितळी ड्रिफ्टने हलक्या बसवाव्यात, नाहीतर त्या पहिल्या शर्यतीत बसतात आणि चाक सैल होते. निपलमधून वर आलेली स्पोकची टोके घासून टाकावीत.

ड्रम लेथवर साफ करायचा असेल तर चाक विणून, आवळून झाल्यावरच करावा. स्पोकच्या ताणाने ड्रम थोडा ओढला जातो, आणि रिकामा हब गोल केला तर विणल्यावर तो पुन्हा अंडाकृती होतो. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असेल तर तो ओलांडू नये.

गाडीवर चढवताना

मागच्या हबमधली धक्के शोषणारी रबरे दाबून पाहावीत. ती टणक झाली असतील किंवा गळून पडत असतील तर नवी घालावीत. ॲक्सलचा नट हलका आवळून ब्रेक दाबून धरावा आणि मगच नट पूर्ण आवळावा, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी, तिचा बोल्ट आणि नवी स्प्लिट पिन या तीन वस्तू हाताने चाचपून पाहाव्यात. ती पट्टी सुटली तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागीच अडकते.

नट आवळण्याआधी आणि आवळल्यानंतर चाक फिरवून पाहावे. दोन्ही वेळा ते सारखेच मोकळे फिरले पाहिजे. जड झाले तर पुन्हा नळीकडे वळावे. ब्रेक न वापरता दहा मिनिटे सावकाश गाडी चालवून हबला हात लावावा. तो कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर गाडी तिथेच थांबवावी. पहिल्या सरावानंतर सगळे स्पोक पुन्हा वाजवून पाहावेत आणि नटही तपासावा. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा हबच्या मध्यावर मारू नये. काळ्या मातीचा चिखल वाळला असेल तर तो आधी भिजवून मऊ करावा आणि सीलच्या भोवती ब्रशने काढावा.